एचपीव्ही अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आल्यावर पुढे काय करावे

गर्भाशयमुखाच्या तपासणीत एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) ‘पॉझिटिव्ह’ असा शेरा आला की अनेक स्त्रिया त्याचा अर्थ कर्करोग असाच घेतात, आणि भीतीपोटी एक तर अहवाल कपाटात ठेवून देतात किंवा थेट गर्भाशयाची पिशवी काढून टाकण्याच्या तयारीला लागतात. दोन्ही टाळायला हवे. कर्करोगास कारणीभूत ठरू शकणारा विषाणू नमुन्यात आढळला, एवढेच हा अहवाल सांगतो. लैंगिक संबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना कधी ना कधी हा संसर्ग होतो आणि बहुतांशी तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. जो वर्षानुवर्षे टिकून राहतो, त्यातूनच गर्भाशयमुखाच्या पेशींत बदल घडतात, आणि त्या बदलांचा कर्करोग होण्यास साधारणतः १५ ते २० वर्षे लागतात. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावली असेल, तर मात्र ही मुदत ५ ते १० वर्षांवर येऊ शकते.

अहवाल हातात आल्यावर प्रथम त्यात विषाणूचा प्रकार दिला आहे का, ते पाहावे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात. म्हणून यांपैकी एक आढळल्यास सहसा थेट कॉल्पोस्कोपी, म्हणजे यंत्रातून गर्भाशयमुखाची बारकाईने पाहणी, सुचवली जाते. इतर धोकादायक प्रकार असतील, तर आधी पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) किंवा व्हीआयए ही तपासणी करून पुढचे ठरवता येते. व्हीआयएमध्ये कापसाच्या बोळ्याने सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, गर्भाशयमुखाला लावून मिनिटभर थांबतात. पेशी बदललेल्या असल्यास तो भाग पांढरा दिसू लागतो. या तपासण्यांत काही आढळले नाही, तर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे एक-दोन वर्षांनी एचपीव्ही चाचणी पुन्हा करावी. ही तारीख मात्र चुकवू नये, कारण संसर्ग गेला की टिकला हे तेव्हाच कळते.

कॉल्पोस्कोपी या शब्दाला घाबरण्याचे कारण नाही. दुर्बिणीसारखे हे यंत्र शरीराबाहेरच राहते. त्यातून गर्भाशयमुख मोठे करून पाहतात आणि संशयास्पद जागा दिसल्यास तेथील कणभर तुकडा बायोप्सीसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत तपासण्यासाठी, घेतात. तपासणीची वेळ पाळी नसताना घ्यावी, आदल्या दोन दिवसांत योनीमार्गात औषध वापरू नये, आणि गरोदर असल्यास किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास ते आधीच सांगावे. बायोप्सीनंतर थोडे रक्त जाणे स्वाभाविक आहे. ते पाळीपेक्षा जास्त जाऊ लागले किंवा ताप आला, तर डॉक्टरांना गाठावे.

बायोप्सीच्या अहवालात ‘सीआयएन’ पुढे १, २ किंवा ३ असा आकडा असतो. हे कर्करोगाचे टप्पे नव्हेत, कर्करोगपूर्व बदलांच्या पायऱ्या आहेत. सीआयएन १ बहुधा आपोआप बरा होतो, त्यामुळे त्यावर नजर ठेवणे पुरते. २ आणि ३ यांवर सहसा उपचार करतात: थर्मल ॲब्लेशनने ती जागा उष्णतेने नष्ट केली जाते, किंवा लीप पद्धतीत तारेच्या वेटोळ्याने बाधित भाग काढला जातो. दोन्हींत गर्भाशय जागेवर राहते आणि पुढे मूल होऊ शकते. पण लीपनंतर अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका काहीसा वाढतो, तेव्हा मूल हवे असल्यास हा विषय आधीच काढावा.

केवळ एचपीव्ही अहवालाच्या आधारे कोणी पिशवी काढण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये गरज नसताना काढल्याच्या तक्रारींचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तो काही उगाच नाही. याउलट शरीरसंबंधानंतर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्तस्राव होत असेल, अथवा अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जात असेल, तर पुढच्या चाचणीची वाट न पाहता लगेच तपासून घ्यावे.

घरात हमखास निघणारा प्रश्न म्हणजे संसर्ग आणला कोणी. हा विषाणू वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतो, त्यामुळे अहवालावरून कोणाच्याही वर्तनाचा निष्कर्ष काढता येत नाही. कंडोमने धोका कमी होतो, पूर्णपणे टळत नाही.

एचपीव्हीच्या लसीने आधीचा संसर्ग बरा होत नाही, म्हणून ती उपचार समजून घेऊ नये. तिचा खरा लाभ घरातल्या ९ ते १४ वर्षांच्या मुलींना आहे. गार्डासिलखेरीज पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही लसही आहे; ती ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांपासून संरक्षण देते. अन्य प्रकारही असल्याने लस घेतलेल्या मुलींनीही तिशीनंतर तपासणी करावीच.

त्या तपासणीचे मोल धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात दिसले आहे. ३० ते ५९ वयोगटातील सुमारे १,३१,००० स्त्रियांचा तेथील अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न दिलेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्मे होते. अर्थात, पॉझिटिव्ह आलेल्यांची पुढील तपासणी आणि उपचार हाही त्या कामाचाच भाग होता. म्हणून उपचार झाल्यावरही साधारण वर्षभराने पुन्हा चाचणी करावी आणि त्या वेळी बायोप्सीचा जुना अहवाल सोबत न्यावा.