सळीला पाणी पाजू नका

माझा पहिला पिलम, म्हणजे रोमन फेकीचा भाला, मोडला तेव्हा त्याचा वीतभर तुकडा मित्राच्या गुडघ्याजवळून गेला. त्याला काही झालं नाही, पण तो आवाज अजून कानातून जात नाही. म्हणून हे लिहितोय.

भट्टी, भाता, ऐरण, सांडशी तुम्हाला माहीत आहेत असं धरतो. हा भाला साधारण दोन मीटरचा असतो. लाकडी दांड्यापुढे साठेक सेंटीमीटरची बारीक लोखंडी सळी आणि तिच्या शेंड्याला छोटं, चौकडेचं, निमुळतं टोक. कोल्हापुरात बसून रोमचं हत्यार कशाला, असं घरी विचारलं होतं. इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची रोमन काळातली कांस्यमूर्ती लहानपणी टाऊन हॉल संग्रहालयात पाहिली, तेव्हापासूनचं हे वेड आहे. मर्दानी खेळात विटा, म्हणजे आपला फेकीचा भाला, तोही शिकलो, पण तो अनुभव इथं अर्धाच कामाला येतो. विट्याला दोरी असते, फेकून परत ओढायचा. पिलम ढालीत घुसला की तिथंच अडकून राहायला हवा.

आता माझी चूक. सळीसाठी मी ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा घेतला. भंगारात मिळतो, कोयते त्याचेच होतात, म्हणजे पोलाद चांगलंच, असा माझा हिशेब. त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो. असं पोलाद लालभडक तापवून पाण्यात बुडवलं, म्हणजे त्याला पाणी पाजलं, की काचेसारखं कडक होतं, कधी कधी भेगाही जातात. नंतर मंद तापवून तो कडकपणा उतरवावा लागतो. मी तेही केलं नाही. अंधार पडायच्या आत फेकून बघायचं होतं. टोकापासून दांड्यात बसणाऱ्या पट्टीपर्यंत सगळी सळी मी बादलीत घातली. कानस लावली तर घसरली, आणि मला वाटलं जमलं! खरं तर तीच धोक्याची खूण होती. फेकला तेव्हा टोक फळीत रुतून थांबलं, मागचा जड दांडा मात्र वेगात होता, तो खाली झुकला. सगळा ताण सळीच्या मुळाशी आला आणि कडक लोखंडाला वाकता येईना. तुटलं.

मामांनी, म्हणजे ज्यांच्या भट्टीवर मी शिकलो त्यांनी, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "टोकाला पाज पानी, सळीला न्हाई." मला ती जुन्या माणसाची सवय वाटली. माझं स्पष्ट मत आहे: दोन दिवसांत भाला घडवायला शिकवणाऱ्यापेक्षा महिनाभर नुसता भाता मारायला लावणारा गुरू बरा. लोखंडाचा रंग तिथंच डोळ्यात बसतो.

म्हणून सळी साध्या, कमी कार्बनच्या लोखंडाची घ्या. पण मऊ म्हणजे पहिल्या फेकीत लोंबकळणारी नव्हे. पिलम वाकण्यासाठीच बनवत, हे व्हिडिओंतलं अर्धसत्य आहे. टोक सळीपेक्षा रुंद, म्हणून ढालीला पडलेल्या भोकातून सळी सरकत मागच्या माणसापर्यंत पोचते. खरं काम ते. इ.स.पू. ५८ मध्ये हेल्वेटी लोकांच्या ढालींत पिलम वाकून अडकले, ते उपटेनात म्हणून त्यांनी ढालीच टाकल्या, असं त्यांच्याशी लढलेला रोमन सेनापती सीझर सांगतो. तो पुढचा फायदा. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस तर लिहितो की जोड इतका पक्का असे, की रिवेट सुटण्याआधी लोखंड तुटावं.

दांड्याला मी बाभूळ वापरली, रेषा सरळ बघून. रिवेटची भोकं एका रेषेत पाडू नका, लाकूड चिरतं. जोडावरच्या कड्यासाठी गॅल्व्हनाइज्ड पाइप भट्टीत घालू नका, जस्ताचा धूर माणसाला आजारी पाडतो. घडवण्याआधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या, १९५९ चा शस्त्र कायदा हौशी माणसालाही लागू आहे. आणि फेकताना कुणीही, अगदी मोबाइलवर चित्रीकरण करणाराही, तुमच्या मागेच उभा राहील.

दुसरा पिलम वाकला. घाबरू नका, ऐरणीवर ठोकून सरळ होतो, माझा दोनदा झाला. तिसऱ्याच्या फक्त टोकाला पाणी दिलं, तेही नंतर मंद तापवून उतरवलं. पाच मीटरवरून तो पॅकिंगच्या पेटीची पाइनची फळी फोडून वीतभर पलीकडे गेला. सळी किंचित कलली होती. मामांनी ती हातात घेतली, मुळाशी अंगठा फिरवला आणि भाता मारायला मला बाजूला बसवलं.