हिमालय नको, देवगिरी काढा

माझं पहिलं तैलचित्र हिमालयाचं होतं. मी मराठवाड्यातल्या कन्नड गावचा, हिमालय पाहिलेला किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर. तीन टोकदार शिखरं, निळं तळं, देवदार. बघणारा प्रत्येक जण विचारायचा, "छान! कुठून उतरवलं?"

रोमँटिक, म्हणजे निसर्गापुढे माणूस लहान वाटावा असं निसर्गचित्र शिकताना न पाहिलेलं काढायची ही चूक बहुतेक जण करतात. कास्पार डाव्हिड फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराचं धुक्यासमोर पाठमोरा उभा असलेला माणूस हे चित्र साधारण १८१८ चं. कॅनव्हास मीटरभरही उंच नाही. वेगवेगळ्या जागची स्केचेस स्टुडिओत एकत्र आणून त्याने ते रचलं. तसं धुकं श्रावणात आपल्याकडेही मिळतं. आपले डोंगर लाव्हाच्या थरांचे, वरून सपाट, पायऱ्यापायऱ्यांचे. शिखर नाही म्हणून रडू नका, त्या आडव्या रांगा एकामागे एक ठेवायला फार सोप्या. आणि मध्ये दोनेकशे मीटरचा, शंकूसारखा देवगिरी एकटाच उभा! दौलताबादच्या घाटात गाडी लावा आणि पेन्सिलीने स्केच करा. रंग घरी.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट देऊन आलेल्यांचा हात जलरंगाचा असतो: कागदाचा पांढरा राखायचा, फिकटाकडून गडदाकडे जायचं. तेलात मी उलटा जातो. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग सगळ्या कॅनव्हासला फासतो आणि जिथे उजेड हवा तिथे चिंधीने पुसतो. चित्र या तपकिरीतच उभं राहिलं पाहिजे. नाही राहिलं, तर पुढे निळा वाचवत नाही.

मग सगळ्यात मागची रांग. सुपारीएवढा टायटॅनियम व्हाइट, हरभऱ्याएवढा निळा अल्ट्रामरीन, अंबरचा नुसता ठिपका. पुढच्या प्रत्येक रांगेत पांढरा कमी, अंबर जास्त. अगदी पुढच्या दगडांत पांढरा जवळजवळ नाहीच. धुक्याची घाई करू नका. खालचा रंग पूर्ण वाळला की राठ केसांच्या ब्रशवर थोडा पांढरा घ्या, ब्रशला रंग उरलाय की नाही अशी शंका येईल इतका तो पुसा आणि डोंगराच्या पायथ्याशी हलकेच घासा.

तेलाचं माझं शहाणपण ऐका. जवस आपल्याच मातीतलं, घरात चटणी रोजची. बाटली कशाला विकत घ्यायची म्हणून घाण्यावरून लिटरभर तेल आणलं आणि पहिल्याच थरात ओतलं. आभाळ कित्येक आठवडे चिकट राहिलं. एप्रिलचा वारा सुटला आणि अर्धं शिवार त्याच्यावर येऊन बसलं. चित्रकारांसाठी शुद्ध केलेलं लिनसीड, म्हणजे जवसाचंच तेल, घ्या. खालच्या थरात टर्पेंटाइन जास्त, वर जाल तसं तेल वाढवा. उलटं केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि काळ्या रानासारख्या भेगा पडतात. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका, आपोआप पेटू शकतो. दोरीवर सुट्या वाळवा.

माणूस शेवटी. मी घोंगडी पांघरलेला गुराखी आधी बोटाएवढा काढला, तर देवगिरीचं टेकाड झालं. पुसून तांदळाच्या दाण्याएवढा केला आणि डोंगर पुन्हा उठला. आई जवळ येऊन डोळे बारीक करून बघत राहिली. म्हणाली, "भिजतंय की रे लेकरू. छत्री तरी काढ त्याला."