जुन्या पेनीवर ‘डबलिंग’ दिसलं? या चुका टाळा

नोव्हेंबर २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने चलनासाठीची शेवटची पेनी, म्हणजे एक सेंटचं नाणं, पाडली, आणि तेव्हापासून इथे अमेरिकेत जो तो घरातल्या चिल्लरच्या बरण्या उपसायला बसला आहे. जरूर उपसा. पण मला येणाऱ्या बहुतेक फोटोंमध्ये तीच एक चूक असते: तारीख दुहेरी दिसली की नाणं ‘डबल डाय’ ठरवून मोकळं व्हायचं.

डबल डायची चूक नाणं पाडताना होतच नाही. ती त्याआधी, डाय म्हणजे नाणं पाडायचा ठसा तयार होताना होते. उठावाचं चित्र असलेला हब डायच्या पोलादात दाबतात. पूर्वी एका दाबात चित्र पुरतं उतरत नसे, म्हणून डाय भट्टीत तापवून मऊ करायचे आणि पुन्हा हबखाली घालायचे. दुसऱ्या खेपेला तो किंचित फिरून बसला, तर डायवरच दोन चित्रं उमटतात आणि त्या डायने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर ती जशीच्या तशी येतात. याच्याशी गल्लत होते ती मशीन डबलिंगची. त्यात डाय चांगलाच असतो, फक्त प्रेसमध्ये सैल बसलेला असतो. ठोका पडल्यावर तो जरासा हलतो आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराची कड दाबून बाजूला सरकवतो. अशा नाण्याला दर्शनी किमतीपेक्षा जास्त काही मिळत नाही.

भिंगाखाली दोन्हींतला फरक स्पष्ट दिसतो. खऱ्या डबल डायमध्ये अक्षर जाडावतं, दोन्ही प्रतिमा गोलाईदार आणि उठावाच्या असतात, अक्षरांच्या टोकांना खाच पडून दोन टोकं दिसतात. मशीन डबलिंगमध्ये अक्षराच्या कडेला सपाट, चकचकीत पायरी दिसते आणि मूळ अक्षर उलट बारीक झालेलं असतं.

एका कॉईन शोमध्ये पुण्याहून नोकरीसाठी नुकताच आलेला एक मुलगा भेटला. खिशातून पाकीट काढून म्हणाला, “काका, १९६९-एस डबल डाय आहे.” ऑनलाइन नऊशे डॉलर मोजले होते त्याने. खऱ्या १९६९-एस डबल डायची किंमत हजारोंत असते, म्हणून त्याला सौदा स्वस्तात पटल्यासारखा वाटला. मी भिंग काढलं आणि आधी थेट तारखेखालच्या एसवर, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीच्या खुणेवर नेलं. एसही दुहेरी होता.

“मग अजूनच चांगलं ना?” त्याने विचारलं.

नाही. नेमकं तिथेच ते नाणं पडलं. त्या काळात टांकसाळीची खूण हबवर नसायची. डाय पूर्ण झाल्यावर ती हाताने, वेगळ्या पंचने ठोकायचे. पेनीवर ही पद्धत १९८९ पर्यंत होती. म्हणजे हबच्या दोन दाबांत तारीख दुहेरी झाली, तरी एस एकच राहतो. तारीख आणि एस एकाच दिशेने सरकलेले असतील, तर नाणं प्रेसमध्येच घसरलं आहे. त्या मुलाने महिनाभर नाणं कोणालाही न दाखवता कपाटात जपलं होतं, त्यामुळे परताव्याची मुदतही गेली होती. घेण्याआधी दोन मिनिटं कोणा जाणत्याला दाखवलं असतं, तर पैसे वाचले असते. नवख्यांची ही घाई पाहिली की मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून माझी सवय सांगतो. १९९० च्या आधीची पेनी हातात आली आणि तिच्यावर टांकसाळीची खूण असली, की पहिली नजर खुणेवर, मग तारखेवर. दहापटीचं साधं भिंग, बाजूने पडणारा एकाच दिव्याचा प्रकाश, आणि नाणं बोटांत हळूहळू फिरवत राहायचं. यूएसबी मायक्रोस्कोप घेऊन सुरुवात करू नका. शंभरपट मोठं केलं की प्रत्येक ओरखडा आणि प्रत्येक सावली डबलिंग वाटते.

दुसरी चूक १९५५ ची. खरा १९५५ डबल डाय भिंगाशिवाय कळतो: तारीख, ‘लिबर्टी’ आणि ‘इन गॉड वी ट्रस्ट’ ही तिन्ही ठळक दुहेरी. मागची बाजू मात्र साधी. अशी वीसेक हजार नाणी बाहेर गेली, त्यांतली पुष्कळशी सिगारेटच्या पाकिटांत सुट्टे पैसे म्हणून. विक्रेते ज्याला ‘पुअर मॅन्स डबल डाय’ म्हणतात, ते वेगळं. त्यात डाय झिजल्यामुळे फक्त शेवटच्या ५ भोवती धूसर सावली येते. एक-दोन डॉलरचं नाणं ते. ५ सोडून बाकी काहीच दुहेरी नसेल, तर पुढे बघूही नका. आणि वरची तिन्ही दुहेरी असतील, तर नाणं बनावट असण्याची शंका आधी घ्या, कारण १९५५ च्या नकला ढिगाने आहेत.

१९२२ ची ‘डी’ नसलेली पेनी: त्या वर्षी पेनी फक्त डेन्व्हरला पडल्या, म्हणून डी नसणं म्हणजे ती डायवर बुजलेली. मोठी किंमत मागची बाजू ठसठशीत असलेल्यालाच. डी खरवडून काढणारेही आहेत, तेव्हा तिथे ओरखडे शोधा.

१९४३ ची तांब्याची पेनी मिळाली म्हणता? त्या वर्षीच्या पेनी पोलादाच्या, म्हणून आधी चुंबक लावा. चिकटली तर पोलादावर तांब्याचा मुलामा आहे. नाही चिकटली तर ३ नीट पाहा, बऱ्याचदा १९४८ मधला ८ कापून तो ३ केलेला असतो.

१९८२ च्या मध्यापासून पेनी जस्ताची, वर तांब्याचा पातळ थर. त्यावरचे फुगे आणि अक्षराच्या कडेला फाटलेला थर यांना डबलिंग म्हणू नका. १९९५ चा डबल डाय खरा आहे, पण तो ‘लिबर्टी’वर बघायचा, फुगे मोजून नाही. १९८२ च्या नाण्यांसाठी छोटा वजनकाटा घ्याच: तांब्याची ३.११ ग्रॅम, जस्ताची २.५.

कड चावल्यासारखी तुटलेली असेल, तर बरोबर समोरची कड पाहा. टांकसाळीतच तुकडा कमी पडला असेल, तर समोरची कडही बहुधा पुसट असते. ती भरीव असेल, तर कोणीतरी पक्कड वापरली आहे असं मी धरतो.

नाणं घासू नका. चिंच नको, टूथपेस्ट नको, काही नको.

ग्रेडिंगला, म्हणजे नाणं तपासून दर्जा ठरवून घ्यायला, पाठवण्याचीही घाई नको. पीसीजीएस किंवा एनजीसी या ग्रेडिंग कंपन्यांची फी आणि टपालखर्च मिळून साध्या नाण्याच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. एका डायची सगळी नाणी सारखीच असतात, त्यामुळे नोंदलेल्या डबल डायचे फोटो शोधा आणि तुमच्या नाण्याशी अक्षर न अक्षर जुळवा, ‘लिबर्टी’च्या एलपासून तारखेच्या शेवटच्या आकड्यापर्यंत. जुळलं तरच नाणं पाठवायला लिफाफा काढा.