तोडफोडची आठवण काढायची तर अशी काढा
मुंबईचा गुजराती रॅपर एमसी तोडफोड (धर्मेश परमार) २० मार्च २०२२ ला गेला, फक्त २४ वर्षांचा होता यार. आता फीडवर सकाळपासून निवडणूक, पुढाऱ्यांची भांडणं अन् नवीन गाण्यांचे टीझर, त्यात नुसतं स्टेटस टाकलं तर दहा मिनिटात वाहून जातं, म्हणून सांगलीत आयर्विन पुलाजवळ घाटावर संध्याकाळी चार पोरंपोरी जमा आणि नेट बंद करा. आधी 'गली बॉय' पिक्चरच्या 'इंडिया ९१' गाण्यातला त्याचा गुजराती भाग लावा, दोनदा, शब्द कळले नाहीत तरी चालतंय, गडी स्वतःच्या भाषेत बोलायला लाजला नाही एवढं पकडा. मग टाळ्यांवर बीट धरून प्रत्येकानं आठ ओळी आपल्या बोलीत म्हणायच्या, पूर, ऊस, हळदीचा दर, जे पोटात असेल ते. मधे कुणाचं भाषण नको. स्पीकर हळू ठेवा, घाटावर म्हातारी माणसं बसलेली असतात.