शाळेचा रॅम्प: गवंड्याला सांगण्याआधी

आधी ओट्याची उंची टेपने मोजा. उतार १:१२ हवा: जेवढी उंची, तिच्या बारापट लांबी. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या ३ पायऱ्या असतील तर रॅम्प ५.४ मीटर लांब. सरळ जागा नसेल तर मध्ये दीड मीटर लांब-रुंद सपाट टप्पा देऊन वळवा. गवंडी म्हणेल, "दोन मीटरात बसवतो." बसतो खरा, पण मोटारसायकल चढवण्यापुरताच! व्हीलचेअरवरच्या मुलाला मग रोज कुणीतरी ढकलावं लागतं.

रुंदी किमान १.२ मीटर, दोन्ही बाजूंना कठडा: ७६ आणि ९० सेंटिमीटरवर दोन पाइप. खालचा लहानग्यांसाठी, खर्च वाचवताना नेमका तोच गळतो.

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठच्या पावसात गुळगुळीत कोबा किंवा चकचकीत फरशी म्हणजे शेवाळाची घसरगुंडी. काँक्रीट ओलं असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढा. पाणी साचू नये म्हणून पायथ्याशी चर ठेवा, त्यावर जाळी. पण जाळीच्या फटी चाकांना आडव्या हव्यात, नाहीतर पुढचं छोटं चाक अडकतं.

वर पोहोचल्यावर वर्गाचा उंबरा? तो काढाच. स्वच्छतागृहाचं दार ९० सेंटिमीटर, बाहेर उघडणारं. शक्य असेल तर गट साधन केंद्रातल्या (शिक्षण विभागाचं तालुक्याचं केंद्र) विशेष शिक्षकांना काम सुरू होण्याआधी बोलवा. नंतर फोडाफोड महागात पडते.