गाणं रिलीज करताय? त्याआधीचे चार आठवडे असे वापरा

मास्टर, म्हणजे गाण्याचं अंतिम रेकॉर्डिंग, हातात आलं की त्याच रात्री गाणं टाकून मोकळं व्हावंसं वाटतं. तसं करू नका. तारीख किमान चार आठवडे पुढची धरा, कारण सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टी रिलीजच्या आधीच करता येतात.

त्यातली पहिली म्हणजे स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवणं. ही सोय फक्त रिलीज न झालेल्या गाण्यासाठी असते. किमान सात दिवस आधी पाठवलंत, तर तुमच्या फॉलोअर्सच्या ‘रिलीज रडार’मध्ये, म्हणजे नव्या गाण्यांच्या आपोआप बनणाऱ्या यादीत, तेच गाणं जातं. लिहायला ५०० अक्षरं मिळतात. तिथे ‘मनाला भिडणारं गाणं’ असलं काही लिहू नका. कुठली वाद्यं, कुठला बाज, कशाबद्दल आहे, प्रसिद्धीसाठी काय काय करणार, एवढंच सांगा.

डिस्ट्रिब्यूटरला (तुमचं गाणं स्पॉटिफायसारख्या अ‍ॅप्सवर पोचवणारी कंपनी) डब्ल्यूएव्ही फाइल द्या, एमपी३ नको. कव्हर ३००० × ३००० पिक्सेल, चौकोनी. त्यावर वेबसाइटचा पत्ता किंवा इन्स्टाग्रामचं नाव असेल तर कव्हर परत येतं आणि तारीख हुकते. कलाकाराचं नाव दर वेळी अक्षरन् अक्षर तेच लिहा, आणि गाणं तुमच्याच प्रोफाइलला जोडलं जातंय ना ते तपासा. नाहीतर ते नामसाधर्म्य असलेल्या दुसऱ्याच कुणाच्या पानावर जाऊन बसतं. सिंगल म्हणून आलेलं गाणं पुढे अल्बममध्ये घेताना जुनाच आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, द्या. नवा घेतलात तर आधीच्या स्ट्रीम्स (गाणं किती वेळा ऐकलं गेलं ते) नव्या नोंदीत धरल्या जात नाहीत.

आता व्हिडिओ. एका गाण्यातून सहा-सात उभ्या क्लिप्स काढा (१०८० × १९२०), प्रत्येकीत वेगळी ओळ किंवा वेगळी जागा. सुरुवात थेट आवाजाने व्हावी. नाव, लोगो, नमस्कार यांत पहिले दोन सेकंद गेले की माणूस पुढे सरकतो. शब्द पडद्यावर ठळक लिहा, कारण बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात. सगळ्या क्लिप्स एकदम टाकू नका. दोन-तीन टाकून थांबा, आणि जी क्लिप लोक सेव्ह करतात, दुसऱ्यांना पाठवतात, तिच्याच ओळीवर आणखी क्लिप्स करा. लाइक्सवरून यातलं काही कळत नाही.

‘अमुक पैशात खात्रीने इतक्या स्ट्रीम्स’ असं म्हणणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. त्या स्ट्रीम्स बहुतेक बॉटच्या, म्हणजे माणसांच्या नव्हे तर प्रोग्रामच्या, असतात. पकडल्या गेल्या की गाणं काढलं जाऊ शकतं, वर डिस्ट्रिब्यूटर दंड तुमच्याकडून वसूल करू शकतो. शिवाय गाणं नेमकं कुणाला आवडतंय याचा अल्गोरिदमला चुकीचा अंदाज येतो, आणि ते नको त्यांनाच सुचवलं जातं.

फॉलोअर्स प्लॅटफॉर्मचे असतात. ईमेलची यादी तुमची. ती कार्यक्रमातच उत्तम वाढते, फक्त वेळ साधायला हवी. ईमेल घेणाऱ्या फॉर्मचा क्यूआर कोड शेवटच्या गाण्याच्या *आधी* दाखवा. शेवटचं गाणं संपलं की लोक उठतात आणि मोबाइल काढतात तो घरी जायची सोय बघायला. फॉर्ममध्ये फक्त नाव आणि ईमेल विचारा.

रिलीजनंतर दोन आठवडे एकच हिशोब ठेवा: शंभर ऐकणाऱ्यांपैकी किती जणांनी गाणं सेव्ह केलं. तो आकडा तुमच्या आधीच्या गाण्यांच्या आकड्याशी ताडून बघा. वाढला असेल तर जाहिरातीचे पैसे याच गाण्यावर घाला. घटला असेल तर पैसे हातात ठेवा आणि पुढच्या गाण्याला लागा.