चिकानो सोल ऐकायला सुरुवात कुठून करायची

चिकानो सोल म्हणजे अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या पोरांनी गायलेली सोल गाणी. पहिलं म्हणजे घाई नको, ही गाणी कामं करता करता ऐकायची नाहीतच. रोझी अँड द ओरिजिनल्सचं १९६० चं 'एंजल बेबी' लावा, रोझी हॅमलिन तेव्हा शाळकरी पोरगी होती, आवाज जरा कापरा लागतो पण खरी मजा त्यातच आहे. आता टेबलावर बोटाने ताल धरा, प्रत्येक ठोक्यात तीन-तीन मोजा, एकदोनतीन एकदोनतीन, ही डू-वॉपची, म्हणजे १९५० च्या दशकातल्या गटाने गायच्या गाण्यांची, देणगी.

मग टेक्सासला, सॅन अँटोनिओच्या सनी अँड द सनग्लोजचं १९६३ चं 'टॉक टू मी'. मूळ गाणं लिटल विली जॉनचं, दोन्ही पाठोपाठ ऐका. या मेक्सिकन-अमेरिकन पोरांच्या घरात आईबापांचे बोलेरो (संथ स्पॅनिश प्रेमगीतं) आणि रेडिओवर काळ्यांचं आर अँड बी (रिदम अँड ब्लूज), म्हणून प्रेमात थेट रडायची लाज नाही (मला तरी हेच आवडतं).

ईस्ट एलएचे (पूर्व लॉस एंजेलिसचे) दी मिडनायटर्स शेवटी ठेवा. त्यांची स्लो गाणी ऐकताना व्हिटियर बुलेव्हार्डवर गोगलगाईच्या स्पीडने चाललेली लोरायडर (जमिनीलगत बसवलेली सजवलेली गाडी) डोळ्यासमोर आणा, आणि रेडिओवर डीजे आर्ट लाबो कुणाचातरी तुरुंगातल्या नवऱ्यासाठीचा निरोप वाचतोय.